बंद पडलेला डिशवॉशर आणि न तपासलेला न्यूट्रल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीविषयी वाचकांचे अनुभव प्रसिद्ध झाले. त्यांतल्या तीन अनुभवांत डिशवॉशर चालता चालता एकाएकी पूर्ण बंद पडला होता, एकही दिवा लागत नव्हता आणि तिन्ही ठिकाणी ‘कार्ड गेले’ असे सांगून मुख्य बोर्ड बदलण्यात आला होता. त्यांतल्या एका भगिनींनी लिहिले होते की, नवा बोर्ड बसवल्यानंतर महिन्याभरातच त्यांचे यंत्र पुन्हा तसेच बंद पडले. ते वाचून मला स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून मी एकतीस वर्षे मुलांना शिकवले आहे, आणि अगदी हाच प्रसंग गेल्या वर्षी गौरीजेवणाच्या दिवशी माझ्या स्वतःच्या घरी घडला आहे.

आमचा डिशवॉशर २०२१ सालचा. टाळेबंदीच्या काळात घरकामाला येणाऱ्या ताईंचे येणे थांबले, सौभाग्यवतींच्या हाताला तेव्हा संधिवाताचा त्रास सुरू झाला होता, आणि मुलीने आग्रहाने तो घ्यायला लावला. चार वर्षे त्याने काहीही तक्रार केली नाही. गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी वीसएक माणसांची ताटे, वाट्या आणि पुरणाची भांडी त्यात लावली, यंत्र सुरू झाले, पाणी घेतल्याचा आवाज आला, आणि साधारण पंधरा मिनिटांनी ते निःशब्द झाले. पटलावरचे आकडे गेले, बटणे दाबून काही होईना. घरातले बाकीचे सगळे चालू होते आणि एमसीबी पडलेली नव्हती. एवढेच नव्हे, तर ज्या सोळा अँपिअरच्या सॉकेटला यंत्र जोडलेले होते, त्याच्या स्विचवरचा छोटा लाल दिवाही लागलेला होता.

दुसऱ्या दिवशी अधिकृत सेवाकेंद्राचा तंत्रज्ञ आला. वयाने तरुण, बोलायला नम्र, आणि त्या दिवशीची त्याची ती सहावी भेट होती. त्याने प्लग काढला, सॉकेटच्या फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या वाटेच्या, छिद्रात टेस्टर घातला, टेस्टर पेटला. “काका, सप्लाय बरोबर आहे,” तो म्हणाला. मग त्याने प्लग पुन्हा लावला, यंत्राची खालची पट्टी काढून जिथे विजेची दोर आत शिरते त्या जोडणीवर टेस्टर लावला, तिथेही तो पेटला. आत वीज येते आहे आणि पटल लागत नाही, म्हणजे मुख्य बोर्ड गेला, असा निष्कर्ष त्याने काढला आणि वस्तू व सेवा करासह अकरा हजार आठशे रुपयांचे अंदाजपत्रक मोबाइलवर पाठवून दिले. बोर्ड यायला आठ ते दहा दिवस लागतील, असेही सांगितले. सगळे मिळून वीस मिनिटे लागली.

या वीस मिनिटांत चूक नेमकी कुठे झाली, ते नीट समजावून सांगणे हाच या पत्राचा हेतू आहे.

टेस्टर म्हणजे एक निऑनचा दिवा आणि त्याच्या जोडीला एक मोठा रोध. फेजला लावून आपण मागच्या टोपीला बोट लावतो तेव्हा आपल्या शरीरातून अत्यंत सूक्ष्म प्रवाह जमिनीकडे जातो आणि निऑन उजळतो. म्हणजे टेस्टर फक्त एवढेच सांगतो की या टोकाला फेज आहे. परतीची वाट, म्हणजे न्यूट्रल, शाबूत आहे की नाही, याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. यंत्र चालायला मात्र दोन्ही वाटा लागतात. न्यूट्रल तुटलेला असेल तर घरभर टेस्टर पेटतो आणि एकही दिवा लागत नाही, हे जुन्या वायरमनला पाठ असते. आमच्या तंत्रज्ञाने यंत्राच्या जोडणीवर एकाच टोकाला टेस्टर लावला होता. त्याने शेजारच्या, निळ्या तारेच्या टोकालाही तो लावला असता, तर तिथेही तो पेटलेला दिसला असता, कारण न्यूट्रल बाहेर तुटलेला असताना फेज यंत्राच्या आतल्या विजेच्या फिल्टरमधून (पाण्याच्या जाळीतून नव्हे) फिरून त्या टोकापर्यंत पोहोचलेली असते. दोन्ही टोकांना टेस्टर पेटणे ही न्यूट्रल तुटल्याची खूण आहे. ती खूण त्याच्या हातापासून एका इंचावर होती.

तो गेल्यावर मी एमसीबी खाली करून प्लग बाहेर काढला आणि उजेडात धरला. तीन पिनांपैकी अर्थिंगची जाड पिन स्वच्छ होती, फेजची पिवळी होती, आणि न्यूट्रलची पिन मुळापाशी काळीनिळी पडलेली होती. तिच्या भोवतीचे प्लगचे प्लॅस्टिक किंचित फुगून चकाकत होते आणि त्याला जळक्या बेकेलाइटचा तो ओळखीचा, माशासारखा वास होता. सॉकेट उघडले तेव्हा आत न्यूट्रलची पितळी पकड तपकिरी होऊन सैल झालेली दिसली. पितळ तापून तापून त्याची लवचीकता गेली होती आणि पकडीचे दोन ओठ पिनेला धरण्याऐवजी फाकले होते. तिच्या स्क्रूखालची तार मी स्क्रूड्रायव्हरने हलवून पाहिली, तर तीही सैल होती, आणि तिचे आवरण दीड-दोन इंच कडक होऊन चुऱ्यासारखे गळत होते.

आता प्रश्न असा की पंधरा मिनिटे यंत्र चालले कसे? डिशवॉशर सुरुवातीला पाणी घेतो, थंड पाण्यानेच भांडी खळबळतो, आणि तेव्हा फक्त पंप चालू असल्यामुळे प्रवाह अगदी कमी असतो. त्यानंतर पाणी तापवणारे हीटर सुरू होते. सर्वसाधारण घरगुती यंत्राची नोंदलेली शक्ती दोन हजार वॅटच्या आसपास असते, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह. सैल पकडीत अर्धा ओहम जरी रोध निर्माण झाला असेल, तर त्या एका ठिकाणी चाळीस वॅटच्या जवळपास उष्णता तयार होते. डाख द्यायचे साधे सोल्डरिंग आयर्न साधारण पंचवीस वॅटचे असते. म्हणजे त्याहून तापट वस्तू आमच्या ओट्याखाली, लाकडी कपाटाच्या आत, प्रत्येक धुण्यात पाऊण तास तापत होती, आणि असे किती महिने चालले होते कोण जाणे. त्या दिवशी पिनेवर साचलेल्या काजळीने उरलासुरला स्पर्शही संपवला आणि वाट तुटली.

एमसीबी का पडली नाही, हेही अनेकांना कोडे वाटते. एमसीबी जादा प्रवाह आणि शॉर्टसर्किट ओळखते. सैल जोडात प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. वाढते ती एका जागेची उष्णता, आणि ती एमसीबीला कळण्याचा मार्ग नाही. स्विचवरच्या लाल दिव्याचेही तसेच. तो सॉकेटच्या मागच्या तारांवर जोडलेला असतो, पकडीत पिन बसली आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. आणि आणखी एका गोष्टीने मलाही त्या संध्याकाळी काही वेळ फसवले. सॉकेट ठीक आहे का, हे पाहायला मी त्यात इस्त्री लावली आणि ती व्यवस्थित तापली. आपल्याकडचे बहुतेक सॉकेट सहा आणि सोळा अँपिअरचे एकत्र असतात. इस्त्रीचा लहान प्लग लहान छिद्रांत जातो, आणि तिथली पकड मोठ्या पिनांच्या पकडीहून वेगळ्या जागी असते. लहान छिद्रे निर्दोष होती, मोठी जळाली होती. म्हणून तपासणी करायची तर त्याच मोठ्या छिद्रांत बसणारा सोळा अँपिअरचा प्लग असलेले, भरपूर प्रवाह घेणारे उपकरण लावून करावी. असा प्लग असलेला मायक्रोवेव्ह घरात असेल तर तो चालतो.

मी जो भाग पुन्हा पुन्हा वर्गात शिकवत असे तो हाच: वीज ‘आहे’ हे लोडवर, म्हणजे उपकरण खरोखर प्रवाह घेत असताना, सिद्ध होते. मल्टिमीटरसुद्धा इथे फसवू शकतो, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. काजळीतून झिरपणाऱ्या विजेवरही तो २३० व्होल्ट दाखवू शकतो. म्हणून आम्ही मुलांना दोनशे वॅटचा साधा बल्ब होल्डरमध्ये लावून त्याला दोन तारा काढलेला टेस्ट लॅम्प बनवायला लावत असू. जोड चांगला असेल तर दिवा लख्ख लागतो, खराब असेल तर मंद लागतो किंवा लागतच नाही. जिथे शंका आहे तिथे यंत्राच्याच जोडणीवर, यंत्र जोडलेल्या स्थितीत, फेज आणि न्यूट्रल यांच्यामधले व्होल्टेज मोजावे, नंतर फेज आणि अर्थिंग यांच्यामधले मोजावे. पहिले शून्य किंवा अर्धवट आणि दुसरे पुरते २३० आले, तर न्यूट्रल तुटला आहे हे उघड आहे. हे मोजमाप प्रशिक्षित माणसानेच करावे. पण ते करायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.

आमची दुरुस्ती साधी होती. मेन स्विच बंद करून जळालेली तार चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापली, कारण तापून काळे पडलेले तांबे नव्या स्क्रूखालीही नीट बसत नाही आणि पुन्हा तापते. नवे सॉकेट बसवले. यंत्राचा साच्यात ओतलेला प्लग कापून चांगल्या प्रतीचा सोळा अँपिअरचा प्लग लावला. दोरीतली तपकिरी तार फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या इमारतीच्या वायरिंगमध्ये मात्र लाल फेज आणि काळी न्यूट्रल असते, तेवढे ध्यानात ठेवावे लागते. सामानाला सहाशे रुपयांच्या आत खर्च आला. यंत्र सुरू केले, आणि हीटर चालू असताना अर्ध्या तासाने प्लगवर हात ठेवून पाहिला, तर तो थंड होता. गौरीची उरलेली भांडी त्याच रात्री धुऊन निघाली. आमच्या यंत्राची हमी संपलेली होती म्हणून प्लग कापता आला. हमीत असलेल्या यंत्राच्या दोरीला हात लावण्याआधी कंपनीला लेखी कळवावे.

ज्या भगिनींचे यंत्र नवा बोर्ड घालूनही महिन्यात बंद पडले, त्यांनी कृपा करून आधी प्लगच्या तिन्ही पिना उजेडात पाहाव्यात. नवा बोर्ड बसवताना तंत्रज्ञ प्लग दोनतीनदा काढतो-घालतो, त्या हालचालीत काजळी खरवडली जाऊन स्पर्श तात्पुरता जुळतो, यंत्र सुरू होते, आणि श्रेय बोर्डाला मिळते. त्यांच्या घरी हेच झाले असे मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण हे पाहिल्याशिवाय दुसरा बोर्ड घेऊ नये.

प्रत्येक वेळी दोष सॉकेटमध्येच असतो, असे मला मुळीच सुचवायचे नाही. ‘डिशवॉशर बंद पडला’ या एका वाक्याखाली चार निरनिराळ्या तक्रारी असतात, आणि तंत्रज्ञाला फोन करण्यापूर्वी आपली कोणती ते घरातल्या माणसाने पाहून ठेवले तर अर्धे निदान तिथेच होते. पटलावर दिवे लागतात पण यंत्र सुरू होत नाही, अशी तक्रार असेल तर वीज पोहोचते आहे. मग दाराची कडी आणि तिच्यामागचा लहानसा स्विच, मुलांसाठीचे कुलूप, उशिरा सुरू करण्याची चुकून दाबलेली सोय किंवा बंद राहिलेला पाण्याचा नळ यांकडे पाहावे. दार अर्धे उघडे असताना पटल लागते आणि मिटले की विझते, असे होत असेल तर बिजागरीपाशी सतत वाकणाऱ्या तारांपैकी एखादी आतल्या आत तुटलेली असते. बाहेरून आवरण शाबूत दिसते. हीटर सुरू होण्याच्या वेळेला घराची आरसीसीबी, जिला आपण अजूनही ईएलसीबी म्हणतो, ती पडत असेल, तर विजेची गळती आहे: हीटरच्या आवरणाला चीर गेली असेल किंवा जोडणीवर पाणी पोहोचले असेल. घरगुती आरसीसीबी तीस मिलिअँपिअरला पडते, ती माणूस वाचावा म्हणून. ती ‘सारखी पडते’ म्हणून काढून टाकणारे किंवा टाळून थेट जोडणी देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि पाण्याशी रोज संबंध असलेल्या यंत्राच्या बाबतीत असे करणाऱ्याला मी एकच विनंती करीन की आज रात्रीच ती जोडणी पूर्ववत करा.

चौथी तक्रार आमची: सगळेच मृत. इथे भिंतीपासून आत, विजेच्याच वाटेने, एकेक टप्पा तपासत जावे. एमसीबी, सॉकेट, प्लग, दोर, यंत्राची जोडणी, त्यानंतर अनेक यंत्रांत असलेला फिल्टर, मग काही यंत्रांत दाराचा स्विच किंवा उष्णतेने उडणारा फ्यूज, आणि सर्वांत शेवटी बोर्ड. जोडणीपर्यंत लोडवर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि फिल्टरच्या पलीकडे शून्य, तर दोष फिल्टरचा, आणि तो बोर्डाच्या मानाने किरकोळ किमतीचा असतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत जोडण्यांना हिरवट गंज चढतो, ओट्याखालच्या उबेत झुरळे घर करतात, आणि उंदराने कुरतडलेली दोर तर मी माझ्या बहिणीकडे प्रत्यक्ष पाहिली आहे. यांतले काहीही बोर्ड बदलून बरे होत नाही.

बोर्ड खरोखर जातो तेव्हाही तो का गेला ते विचारायला हवे. आमच्याच इमारतीत दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात खालच्या मीटरखोलीतला मुख्य न्यूट्रल सैल झाला आणि तीन घरांत व्होल्टेज एकदम चढले. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की कमी लोड असलेल्या घरात २३० च्या जागी साडेतीनशे व्होल्टसुद्धा येऊ शकतात, कारण दोन फेजमधले अंतर चारशेच्या घरात असते. शेजाऱ्यांचा टीव्ही, राउटर आणि डिशवॉशर एकाच मिनिटात गेले. त्यांच्या डिशवॉशरचा बोर्ड मी पाहिला: आत येणाऱ्या विजेपाशी बसवलेला, बटणाएवढा निळा व्हॅरिस्टर फुटून काळा पडला होता आणि त्याच्या जवळचा फ्यूजचे काम करणारा रोध आतून तुटला होता. व्हॅरिस्टरने स्वतः जळून बाकीचा बोर्ड वाचवला होता. आमच्या स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानातल्या कारागिराने ते दोन भाग आणि पुरवठ्याची एक चिप बदलून नऊशे रुपयांत बोर्ड चालू करून दिला, आणि तो आजही चालू आहे. काही कंपन्यांचे बोर्ड रेझिनने भरलेले असतात, ते असे दुरुस्त होत नाहीत. पण जे होतात त्यांचाही सरसकट भंगार म्हणून हिशेब लागतो, हे मला पटत नाही. मीटरखोलीतला न्यूट्रल ज्याने घट्ट करून घेतला नाही, त्याने कितीही नवे बोर्ड घेतले तरी पुढच्या पावसाळ्यात तेच होणार होते.

इथे एक इशारा स्पष्टपणे द्यायला हवा. मल्टिमीटर हाती असलेल्या उत्साही वाचकांनी सॉकेटपर्यंत आणि प्लगपर्यंत पाहावे, तेही एमसीबी खाली करून. बोर्डाला मात्र हात लावू नये. यंत्राचा प्लग काढल्यानंतरही बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या घरातला दाब काही काळ साठून राहू शकतो. शिवाय अशा अनेक बोर्डांवर पाच व्होल्टची बाजूही घरच्या विजेपासून वेगळी केलेली नसते. म्हणजे प्लग लावलेला असताना जिथे मीटर पाच व्होल्ट दाखवतो, तिथे हात लावणाऱ्याला २३० चा झटका बसू शकतो. पाच व्होल्टला काय घाबरायचे, असे समजून झटका खाल्लेले अनुभवी लोकही माझ्या पाहण्यात आहेत. त्याचप्रमाणे दाराचा स्विच टाळून तार थेट जोडण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो स्वीकारू नये. दार उघडल्यावर गरम पाणी अंगावर येऊ नये म्हणूनच तो असतो.

सोळा अँपिअरचा प्लग सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवणारे रूपांतरक रस्त्यावर स्वस्तात मिळतात. डिशवॉशर, गीझर किंवा मायक्रोवेव्ह यांच्यासाठी ते कधीही वापरू नयेत. एक्स्टेन्शन बोर्डाचेही तेच. स्वतंत्र सोळा अँपिअरचा पॉइंट, मीटरपासून निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि खरे अर्थिंग, एवढे नसेल तर यंत्र घेण्याआधी ते करून घ्यावे. डोंबिवली-कल्याणात सध्या जागोजागी जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालला आहे. नव्या सदनिकेचा नकाशा पाहताना रहिवाशांनी ओट्याखालच्या पॉइंटची मागणी तेव्हाच करावी, आणि तो अशा जागी मागावा की यंत्र न ओढता प्लगपर्यंत हात पोहोचेल. आमचे सॉकेट यंत्राच्या मागे होते, म्हणून चार वर्षे कोणाचा हात त्या तापणाऱ्या प्लगला लागला नाही.

आता सेवाकेंद्रांविषयी. आलेल्या तरुणाला मी दोष देत नाही. दिवसाला सात-आठ भेटी, प्रत्येकीला अर्धा तास, आणि शिकवण बहुधा ‘पटल मृत असेल तर बोर्ड बदला’ एवढीच, अशा परिस्थितीत तो जे करतो तेच होणार. असेच तरुण माझ्या वर्गातून बाहेर पडलेले आहेत. मापन कसे करायचे हे त्यांना येते. त्यासाठी वेळ आणि मुभा त्यांना मिळत नाही. म्हणून माझी मागणी कंपन्यांकडे आहे, आणि ती अवघड नाही. कोणताही महाग भाग बदलण्यापूर्वी तंत्रज्ञाने यंत्राच्या जोडणीवर लोडसह मोजलेले व्होल्टेज, न्यूट्रल आणि अर्थिंग यांची स्थिती आणि बोर्डाला पोहोचणारे व्होल्टेज हे आकडे जॉब शीटवर लिहून ग्राहकाची सही घ्यावी. बदललेला जुना भाग हमीबाहेरच्या दुरुस्तीत ग्राहकाला परत द्यावा, कारण त्याची किंमत ग्राहकाने आधीच मोजलेली असते. आणि निदान चुकले असे निष्पन्न झाले तर बसवलेला भाग परत घेऊन पैसे द्यावेत.

दुरुस्तीचा हक्क हा शब्द आपल्याकडे आता नवा राहिलेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, मोबाइल आणि वाहने यांच्याबरोबर टिकाऊ घरगुती उपकरणांचाही त्यात समावेश आहे. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून डिशवॉशरसाठी असा नियमच आहे की मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे बोर्ड, पंप, हीटर यांसारखे भाग स्वतंत्र व्यावसायिक दुरुस्तीकारांनाही मिळाले पाहिजेत, आणि दाराचे रबर, फवारे, जाळ्या यांसारखे भाग दहा वर्षे थेट ग्राहकालाही. फ्रान्समध्ये तर नोव्हेंबर २०२२ पासून डिशवॉशर विकताना तो दुरुस्तीला किती सोपा आहे याचा दहापैकी गुणांक किमतीशेजारी लावावा लागतो. आपल्याकडे असे बंधन आले तर स्टेशनजवळच्या त्या कारागिरासारख्या माणसाला अस्सल भाग आणि सर्किटचा नकाशा उजळ माथ्याने मागता येईल. आज तो दुसऱ्या जळक्या बोर्डावरून भाग काढून काम भागवतो.

ते होईपर्यंत ग्राहकाच्या हाती काय आहे? अंदाजपत्रक लेखी घेणे, त्यावर कोणत्या मापनावरून हा निष्कर्ष काढला असे विचारणे, आणि चुकीच्या निदानाचे पैसे घेतले गेले असतील तर ती ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी म्हणून मांडणे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी घरगुती यंत्रांच्या जॉब शीटचा एक नमुना तयार करून कंपन्यांपुढे ठेवावा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. आकड्यांचे रकाने कोणते असावेत हे ठरवण्यासाठी माझ्यासारखे निवृत्त निदेशक विनामूल्य वेळ द्यायला आनंदाने तयार होतील.

आमच्याकडे आलेल्या त्या तंत्रज्ञाला मी नंतर फोन करून बोलावले आणि जळालेले सॉकेट दाखवले. त्याने ते बराच वेळ हातात फिरवून पाहिले, पकडीचे फाकलेले ओठ नखाने दाबून पाहिले, आणि मोबाइलवर त्याचे दोन फोटो काढले. त्यानंतर दोनदा त्याचा मला फोन आला आहे. दोन्ही वेळा पटल मृत होते आणि दोष प्लगमध्ये निघाला होता, आणि दोन्ही वेळा त्याने टेस्टर खिशात ठेवून आधी पिना उजेडात पाहिल्या होत्या.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री),
डोंबिवली (पूर्व)